खुर्चीसमोरून गेलेले टेम्पो

आमच्या कारखान्यात नळाच्या तोट्या होतात. पितळेच्या. ओतकामाच्या भट्टीपासून पॉलिशच्या चाकापर्यंत सगळं एकाच छपराखाली, आणि शेवटी पाण्याची टाकी. तोटी बंद करून तिच्यात हवा सोडायची, पाण्यात बुडवायची आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की तोटी परत. बावीस वर्षं मी त्या टाकीपाशी बसले. कोपरापर्यंत हात पाण्यात. कातडी अशी झाली होती की कुणी नवी पाहुणी बाई हात हातात घ्यायची आणि चटकन सोडून द्यायची. मालकीण असून टाकीवर का बसता, असं लोक विचारायचे. मी म्हणायचे, मालक भट्टीपुढे भाजतोय, मग मालकिणीने काय आरशापुढे बसायचं?

मालक म्हणजे आमचे हे. आणि ह्यांच्या खांद्याला खांदा लावून भट्टीवर उभा राहिलेला आमचा ओतारी. दोघांनी पहिला साचा भरला तेव्हा कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली होती. ओतारी तेव्हापासून मला वहिनी म्हणतो आणि मी त्याला भाऊजी. बाकीचे सगळे मावशी म्हणतात. हे जाऊन नऊ वर्षं झाली. त्यानंतर माझे गुडघे गेले, टाकी सुटली, आणि मी फाटकाजवळ खुर्ची टाकली.

सकाळी दहा ते एक मी तिथे. समोरून माल जाताना बघायचा. माझी शाळा तिसरीपर्यंतची. सही येते, अंक येतात, त्यापुढे कुणी विचारू नये. आमचे चिरंजीव ऑफिस बघायला लागले तेव्हा सह्यांसाठी मध्ये मध्ये सुटे कागद आणि वर्षाला एकदा जाडजूड गठ्ठा घेऊन माझ्यापुढे यायचे. "आई, ताळेबंद आलाय. बघून तरी घे."

मी म्हणायचे, "सही कुठे ते दाखव आणि घेऊन जा. कागदाला तू शिकवशील तेच तो बोलणार. मी टेम्पो बघते. माल असला तर टेम्पो जातो, नसला तर उभा राहतो. त्याला खोटं बोलता येत नाही."

हे मी चारचौघांत सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे, एकदा तर बँकेच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. चिरंजीव हसायचे. नुसतेच हसत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक माझी रीत होती. मी एकदा सांगितलं की झालं. पगार अमुक दिवशी म्हणजे अमुक दिवशी. मग पुन्हा येऊन "मावशी, नक्की ना?" असं विचारायचं नाही. एका लेथवाल्याने विचारलं होतं. त्याला मी दोन दिवस भरपगारी घरी पाठवलं. म्हटलं, घरी बस आणि बायकोला विचार, ही बाई आजवर कधी खोटं बोलली का. तिसऱ्या दिवशी तो आला तो मान खाली घालून. त्यानंतर कारखान्यात मला कुणी दोनदा काही विचारलं नाही. मला त्याचा अभिमान होता. साधासुधा नाही, चांगला गळ्यापर्यंत.

मग बाजार बसला.

कुठलीशी मोठी बँक बुडाली. तिच्या भीतीने बाकीच्या बँकांनी हात आखडले. बांधकामवाल्यांचं कर्ज थांबलं. आमच्या रस्त्याच्या टोकाला तीन उंच इमारतींचे सांगाडे उभे होते, त्यांवरचे कामगार एका आठवड्यात निघून गेले आणि वर कबुतरं आली. भिंत उभी राहिली तर तोटी लागते. भिंतच नाही तर आमची तोटी काय आभाळाला लावायची? टीव्हीवर रोज चार माणसं बसून सांगत होती, अर्थव्यवस्थेला ताप आहे, दोन महिन्यांत उतरेल. मी सूनबाईंना म्हटलं, "इतके डॉक्टर जमलेत, पण नाडी धरलेला एकही दिसत नाही."

शेजारचा स्प्रिंगवाला बंद झाला. मग समोरचा रंगवाला. आमच्याकडे रोज एक टेम्पो भरायचा तो आठवड्याला दोनवर आला, भट्टी तीन दिवसांवर आली. नदीपलीकडे एक नवी, मोठी, परक्या पैशावर चालणारी कंपनी होती, तिने आमची चार चांगली माणसं उचलली. भाऊजींनाही बोलावणं आलं होतं.

तेव्हा चिरंजिवांनी बाहेरून एक व्यवस्थापक आणला. पितळेच्या धुळीत टाय लावून यायचा, म्हणून त्याचं नाव पडलं टायवाले. पहिल्या दिवशी मला खुर्चीत बघून त्याने वाकून विचारलं, "आजी, आपण कोणत्या विभागात?"

"फाटक विभागात," मी म्हटलं. "इथली बढती सरळ वर होते."

कामगार आठवडाभर हसले. माणूस मला पटला नव्हता, हे खरं सांगते. पण महिन्याभरात मला वाटायला लागलं की आपण चुकलो. कारण टेम्पो वाढले. आठवड्याचे दोन होते ते रोज एक झाले, मग रोज दोन. खोकी छपरापर्यंत रचलेली, वर चिकटपट्टी, शिक्का. गोदामात पडून असलेला जुना माल आपण बाहेरच्या बाजारात काढतोय, असं टायवाल्यांनी सांगितलं. गोदामाला वेगळं कुलूप लागलं, आत त्यांनी आणलेली दोन माणसं खोकी भरायची. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. फाटकाच्या उंबऱ्यात गटारावर लोखंडी जाळी आहे. तिच्यावरून गाडी गेली की मोठा आवाज होतो. टायवाल्यांनी त्या जाळीवर जाड लाकडी फळ्या टाकून घेतल्या. म्हणाले, "आजींच्या कानाला त्रास नको." घरच्यांनी कधी एवढा विचार केला नव्हता. मी त्या माणसाला माझ्या हाताने चहा पाठवला.

भाऊजी एकदा भट्टीवरून उठून माझ्याकडे आले होते. चामड्याचा ॲप्रन तसाच. "वहिनी, भट्टी तीन दिवस आणि टेम्पो रोज दोन. हे गणित मला बसत नाही."

"जुना माल जातोय, भाऊजी. मी समोर बसून बघतेय ना."

"नदीपलीकडचे लोक परत आले होते. मुदत देतायत आठ दिवसांची."

"तुम्हाला जायचं असेल तर जा. पण भीतीने जात असाल तर जाऊ नका. माल जातोय."

ते मान हलवून परत गेले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्यात पसरलं, मावशी म्हणतात माल जातोय. आठ दिवसांनी नदीपलीकडे कुणीही गेलं नाही.

मग एका रविवारी चिरंजीव माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. आमच्या कामगारांची एक पतपेढी आहे. तीस वर्षं दर पगारातून थोडं थोडं बाजूला काढून उभी केलेली. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं छप्पर, कुणाच्या मुलीची फी, सगळं त्यातून. भाऊजी तिचे अध्यक्ष. चिरंजिवांना ती सगळी रक्कम सहा महिन्यांसाठी कंपनीला हवी होती.

"बँक नवं कर्ज देत नाही, आई. माल जातोय, पण पैसे यायला वेळ लागतोय. सहा महिने. बँकेपेक्षा जास्त व्याज देऊ त्यांना."

"मग सांग त्यांना."

"माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. तरी म्हटलं, "शनिवारी सांगते. हा आठवडा मला आणखी बघू दे."

"बघ की. रोज दोन जातायत," चिरंजीव म्हणाले आणि माझ्या गुडघ्यावरची चादर नीट करून गेले.

बुधवारी गटार तुंबलं. सफाईवाले आले, त्यांनी फळ्या काढून भिंतीला टेकवल्या, गाळ उपसला आणि फळ्या तशाच ठेवून निघून गेले. गुरुवारी सकाळी मी खुर्चीत बसले, पाचच मिनिटांत टेम्पो निघाला आणि जाळीवरून गेला.

पितळ भरलेली गाडी जाळीवर कशी जाते ते मी हजारदा ऐकलंय. मागची चाकं बसतात, गाडी एकदा कण्हते आणि पुढे सरकते. हा टेम्पो खडखडत गेला. त्याचं मागचं तोंड हवेत उडालं आणि आत खोकी एकमेकांवर आपटली, ती पुठ्ठ्यासारखी वाजली.

मी वॉचमनला हाक मारली. "थांबवा त्याला."

टेम्पोवाला बारा वर्षं आमच्याकडे. उतरून आला.

"काय भरलंय?"

"माल, मावशी."

"मागचं दार उघडा."

"सील मारलंय, मावशी. उघडलं तर साहेब..."

"मी उठून आले तर माझे गुडघे दुखतील. मग तुमचंही काहीतरी दुखेल. उघडा."

त्याने उघडलं. मी उठलेच शेवटी. समोरचं खोकं ओढलं. तोट्यांचं खोकं दोन धडधाकट माणसं मिळून उचलतात. मी ते एका हाताने उचललं, ज्या हाताने मला आता पाण्याची बादली उचलवत नाही. पट्टी फाडली. आत काही नव्हतं. बाहेर कंपनीचा शिक्का, तोट्यांचा आकडा, सगळं व्यवस्थित.

टेम्पोवाला पायरीवर बसला.

"कधीपासून?"

"पहिला महिना खरा माल होता, मावशी. मग गोदाम संपलं."

"कुठे नेता ही?"

"चौकाला वळसा घालून मागच्या गल्लीतून मागच्या दाराने आत. दुपारी तीच खोकी पुन्हा."

"आणि निघायचं कधी, ते कोण सांगतं?"

तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. "खुर्ची बघून निघायचं."

"म्हणजे?"

"तुम्ही बसलात की निघायचं, असं सांगितलंय. मागे तुम्हाला चार दिवस ताप होता ना, तेव्हा गाडी जागेवरून हलली नाही."

मला वाटलं होतं, ताप उतरल्यावर मी फाटकाशी आले आणि कारखान्याला हुरूप आला. असं मी सूनबाईंना बोलूनही दाखवलं होतं.

"बारा वर्षं माझ्या हातचा चहा प्यालात," मी म्हटलं. "एकदा तरी कानाशी येऊन सांगायचं."

"घरी पाच तोंडं आहेत, मावशी. आणि मला वाटलं, आई-मुलातली गोष्ट आहे. आपण मध्ये कशाला पडा?"

ऑफिस वर आहे. अकरा पायऱ्या. दोन वर्षांत मी चढले नव्हते. रिकामं खोकं काखेत धरून चढले. आत चिरंजीव आणि टायवाले समोरासमोर बसले होते. मी खोकं टेबलावर ठेवलं. टायवाले उठून बाहेर जायला निघाले.

"बसा हो," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या कानांची एवढी काळजी घेतलीत. तुम्हाला कसं जाऊ देईन?"

चिरंजिवांचं तोंड पांढरं पडलं. पण बोलायला लागले तेव्हा आवाज घट्ट होता. "आई, ऐकून घे. विक्री थांबलेली दिसली तर बँक सगळं कर्ज एकदम परत मागते. म्हणून बिलं केलीत. माल विकला गेला, पैसे यायचेत, असं दिसतं त्यात. बाजार उठला की खरी विक्री होईल आणि सगळं जागच्या जागी बसेल."

"कुणाला विकला?"

"एका कंपनीला."

"कुणाच्या?"

टायवाले खिडकीकडे बघायला लागले. चिरंजीव म्हणाले, "ह्यांच्या मेहुण्याच्या."

"एवढ्या तोट्या एकट्या मेहुण्याने घेतल्या? बरीच न्हाणीघरं असतील त्याची."

"मॅडम, सध्या सगळेच असं करतायत," टायवाले म्हणाले. "हा फक्त काळ काढायचा प्रश्न आहे."

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "बँकेला बिलं दाखवलीत, तिचं पोट भरलं. मग टेम्पो कशाला? बँकेचा माणूस फाटकाशी येऊन बसतो का?"

चिरंजिवांनी खोकं बाजूला सरकवलं. खाली लेथ चालू होते, त्यांचा आवाज वर येत होता.

"कामगार बँकेचे कागद बघत नाहीत, आई," चिरंजीव म्हणाले. "ते तुझ्याकडे बघतात. तू म्हणालीस माल जातोय, तर ते थांबतात."

बँकेत शिकलेसवरलेले लोक. त्यांना फसवायला एक कागद पुरला. मला फसवायला दिवसातून दोनदा डिझेल जाळावं लागलं. त्या क्षणीसुद्धा हे माझ्या मनात आलं आणि मला त्यात थोडं मोठं वाटलं. मग लक्षात आलं की ही युक्ती कुठल्याही टायवाल्याला सुचली नसती. मी कशावर विश्वास ठेवते, कुठल्या वेळी कुठे बसते, हे ज्याला मी वाढवलं त्यालाच ठाऊक.

"शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगणार," मी म्हटलं.

"आई." ते उठून माझ्याजवळ आले. "तू सांगितलंस तर सोमवारी बँक कुलूप लावेल. मी तुरुंगात जाईन. तू काही खोटं बोलू नकोस. फक्त गप्प बस. एवढंच मागतोय. बाकी मी बघतो."

"आणि पतपेढीचे पैसे?"

"ते बघू. तू गप्प बस, मग बघू."

मी उतरले. उतरताना कठडा धरावा लागला.

शुक्रवारी मी फाटकाशी गेले नाही. टेम्पोही निघाला नाही म्हणे. घरी खाटेवर पडून आढ्याकडे बघत होते. हा पोटात असताना मी टाकीवर बसत होते. झाल्यावर चाळिसाव्या दिवशी पुन्हा बसले. त्याला शेजारी तोट्यांच्या खोक्यात झोपवायचे, खाली गोधडी घालून. तोटी पाण्यात बुडवली की बुडबुड्यांचा आवाज व्हायचा आणि हा झोपेत हसायचा. अशा मुलाने आत जायचं आणि ते माझ्या तोंडाने. दुसऱ्या बाजूला कामगारांची एक्केचाळीस घरं. मी त्यांना आठ दिवसांची मुदत फुकट घालवायला लावली होती. पैसे अजून त्यांच्या हातात आहेत, एवढाच मला आधार होता. पैसे वाचवता येतील. नोकऱ्या नाही, पण पैसे वाचतील.

दुपारी सूनबाई पाणी घेऊन आल्या. डोळे सुजलेले. "आई, ते आत गेले तर घरात कोण राहिलं?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात, म्हणूनच विचारतेय," त्या म्हणाल्या.

चांगलं बोलल्या. माझ्याच तालमीत तयार झाल्या आहेत.

शनिवारी दहा वाजता सगळे अंगणात जमले. मशीन बंद. भाऊजी पुढे, त्यांच्यामागे लेथवाले, पॉलिशवाल्या बायका, टाकीवर आता बसते ती मुलगी. वर ऑफिसच्या काचेमागे चिरंजीव उभे होते. मी वर बघितलं नाही. मी फार वेळ लावला नाही.

"भाऊजी, पतपेढीतला एक पैसाही कंपनीला देऊ नका. टेम्पो रिकामे जात होते. मी गुरुवारी खोकं उघडून बघितलं. मी तुम्हाला माल जातोय म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं. पण खोटं होतं."

मला वाटलं आरडाओरडा होईल.  पण भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, जणू मी परक्या भाषेत बोलले.

"वहिनी," ते म्हणाले, "पैसे तर मंगळवारीच दिले."

"कुणाला?"

"छोट्या मालकांना. समितीच्या सह्या घेऊन चेक दिला. बुधवारी बँकेच्या हप्त्यात गेले."

"मी शनिवारी सांगते म्हटलं होतं."

"ते म्हणाले, आईचा शब्द झालाय. शनिवारी फक्त सगळ्यांसमोर बोलणार. बँकेची तारीख आधीची आहे म्हणून आजच हवेत."

"अहो, मग मला विचारायचं. मी वीस पावलांवर बसले होते."

भाऊजींच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला दोनदा कधी कुणी विचारलंय, वहिनी?"

तेव्हा मी वर बघितलं. काचेमागे कुणी नव्हतं. गुरुवारी तो माझ्याजवळ येऊन गप्प बस म्हणाला, तेव्हा पैसे जाऊन एक दिवस झाला होता. वाचवायला काही उरलंच नव्हतं. त्याला फक्त थोडे दिवस हवे होते, आणि ते त्याने माझ्याकडून आईच्या मायेच्या नावाखाली काढले. शुक्रवारचा सगळा दिवस मी त्याच्यासाठी तळमळले, आणि तो शेजारच्या खोलीत निवांत जेवला.

पॉलिशच्या चाकावरची एक बाई पुढे आली. "मावशी, माझ्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. त्याचे त्यात होते."

मला ठाऊक होतं. तारीखही ठाऊक होती. मी काय देणार? घर, दागिने, जे होतं ते ह्यांच्या काळापासून कारखान्यासाठी बँकेकडे. माझ्या हातात दोन बांगड्या होत्या, त्या काढायला लागले तर भाऊजींनी हाताने थांबवलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातोय. हिशेब लिहिणाऱ्या मुलीने बिलांची फाईल दिलीय."

"मीही येते."

"तुम्ही घरी जा, मालकीणबाई."

एकतीस वर्षांत त्यांनी मला ही हाक मारली नव्हती.

"भाऊजी, माझ्या नावाने घेतलेत पैसे. माझा शब्द चोरलाय त्याने. माझीही तक्रार आहे."

"चोरला की दिला," भाऊजी म्हणाले, "हे आम्हाला कसं कळणार? तुम्ही सांगता म्हणून? तुम्ही तर टेम्पोचंही सांगितलं होतं."

ते निघाले. मी मागून चालत गेले. ठाणं जवळ आहे, पण मला अर्धा तास लागला. वाटेत टाकीवरची मुलगी दोनदा थांबली, मागे बघितलं, आणि पुन्हा पुढे गेली. मी पोचले तेव्हा रांग लागली होती. एकेकाचं नाव, पत्ता, किती वर्षं काम, किती रक्कम. मी शेवटी उभी राहिले. कुणी पुढे या म्हणालं नाही.

माझी पाळी आली तेव्हा तक्रारी लिहून घेणारा हवालदार दमला होता. "नाव?"

मी सांगितलं. त्याने लिहायला पेन टेकवलं आणि थांबला. फाईल पुढे ओढली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"आजी, तुमचं नाव इथे आधीच आहे. कंपनीच्या संचालकांमध्ये. बिलांवरही सही आहे."

"कुठल्या बिलांवर?"

त्याने पान माझ्याकडे फिरवलं. खालच्या ओळीवर माझी सही होती. तिरकी, पहिलं अक्षर मोठं, शेवटचं घसरलेलं. कुणी नक्कल केलेली नव्हती. मीच केली होती, सही कुठे ते दाखव म्हणत. पान उलटलं, तिथेही. त्याच्या पुढच्या पानावरही. चिरंजिवांची सही मी शोधली. ती एकाही पानावर नव्हती.

"तुम्ही तक्रार करणाऱ्यांत येत नाही," तो समजुतीच्या आवाजात म्हणाला. "ज्यांच्यावर तक्रार आहे, त्यांच्यात येता."

माझ्यामागे सगळे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ऐकलं. भाऊजींनीही ऐकलं.

"दोन्हीकडे लिहा," मी म्हटलं.

"तसं नाही होत, आजी."

"मग त्यांच्यातच लिहा. पण मी सांगते ते सगळं लिहा, मध्ये थांबू नका."

त्याने नवा कागद घेतला. बाहेर उन्हात कुणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती. भिंतीजवळून कुणी मावशी बसा म्हणालं नाही, आणि मीही बसायला जागा शोधली नाही. पहिला महिना खरा माल होता, तिथून मी सांगायला सुरुवात केली.